मोठ्या शिकारीचा परवाना

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात परमुलखातल्या माणसाला एल्क हे मोठं हरीण मारायचं असेल तर अर्ज करावा लागतो आणि सोडतीत नाव निघावं लागतं. बाहेरच्यांसाठी असे परवाने वर्षाला 17,000. शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट. ही तफावत 1978 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केली. जनावर आधी तिथल्या रहिवाशांचं, असा हिशेब.

खानदेशात हिशेब उलटा मांडला गेला.

1825 साली धरणगावला भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम शिकारीला निघे तेव्हा परवाना कोणी विचारत नव्हतं. वाघ म्हणजे उपद्रव, मारणाऱ्याला उलट सरकारी बक्षीस. दहा वर्षांत त्याच्या समोर 191 वाघ पडल्याची नोंद आहे. माग काढायला अर्थातच भिल्ल.

मग 1878 उजाडलं. त्या एकाच वर्षी दोन कायदे आले: एक जंगलाचा, एक हत्यारांचा. बंदुकीला परवाना लागू लागला. राखीव जंगलातली शिकार, फास लावणं, पाण्यात विष कालवून मासे धरणं, सगळं नियमांत अडकलं. पुढे जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडले गेले. वनखात्याकडे अर्ज करायचा, शुल्क भरायचं, ठरल्या मुदतीपुरता ब्लॉक आपल्या नावावर. अर्ज करणार कोण? लिहिता येणारा, बंदूक बाळगणारा, म्हणजे बहुतेक साहेब किंवा संस्थानिक. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्याच्या वाट्याला हाका घालण्याची मजुरी आली. त्यानंच तीरकामठ्यानं राखीव रानात ससा टिपला तर तो चोर. परवान्यानं जनावरं किती वाचवली हा वादाचा मुद्दा. शिकारी कोण आणि हाकेकरी कोण, हे मात्र त्यानं पक्कं केलं.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, डॉलरवाले आले. शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या रानांत नेत. 1969 साली सातपुड्यात यावल अभयारण्य झालं, 1970 साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. गंमत अशी, की 1972 च्या वन्यजीव कायद्यातही ‘मोठ्या शिकारी’चा परवाना होताच! तो पुसला गेला 1991 च्या दुरुस्तीत.

आता तो ना मुंबईकराला मिळतो, ना यावलकराला. शेतात घुसणारं रानडुक्कर मारायचं तरी आधी वनाधिकाऱ्याची परवानगी लागते.