पेशीचक्र नियंत्रण

पेशीने कधी वाढायचे, कधी डीएनएची प्रत काढायची, कधी दोन व्हायचे आणि कधी स्वस्थ राहायचे, हे ठरवणारी प्रथिनांची यंत्रणा. पेशीचक्राचे चार टप्पे मानतात : वाढीचा जी-१, डीएनएच्या प्रती निघतात तो एस, पुन्हा थोड्या वाढीचा व पडताळणीचा जी-२ आणि प्रत्यक्ष विभाजनाचा एम. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला ही फेरी पूर्ण करायला सुमारे २४ तास लागतात. त्यांतला विभाजनाचा भाग जेमतेम एका तासाचा. शरीरातल्या बहुतेक पेशी मात्र या फेरीबाहेर, जी-० अवस्थेत असतात. चेतापेशी सहसा परतत नाहीत. यकृताचा भाग कापला गेला तर उरलेल्या पेशी पुन्हा विभागू लागतात.

वाढ आणि विभाजन या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बेडकाचे फलित अंडे सुरुवातीला न वाढता विभागत जाते, त्यामुळे पेशी लहान लहान होतात. उलट चेतापेशी विभाजन थांबल्यावरही लांबच लांब वाढते. एरवी मात्र दोन्हींचा मेळ बसावा लागतो. तो कसा बसतो याचा पहिला भक्कम धागा पॉल नर्स यांना १९७०च्या दशकात एडिंबरो येथे कांडीसारख्या आकाराच्या एका यीस्टमध्ये मिळाला. त्यांना सापडलेल्या उत्परिवर्तित पेशी नेहमीच्या जवळपास निम्म्या लांबीच्या असतानाच विभागत होत्या. बिघडलेल्या जनुकाला ‘वी-१’ हे नाव पडले. त्याचे प्रथिन पेशीला विभाजनात ढकलणाऱ्या सीडीके-१ या विकरावर फॉस्फेट चढवून त्याला रोखून धरते. सीडीसी-२५ हे दुसरे प्रथिन तो फॉस्फेट उतरवते. रोधक निकामी झाला की पेशी पुरेशी वाढण्याआधीच विभाजनात शिरते. त्याआधी लेलँड हार्टवेल यांनी अमेरिकेत बेकरीच्या यीस्टवर काम करून पेशीचक्राची अनेक जनुके वेगळी काढली होती.

विकराला जोडीदार लागतो, हे टिम हंट यांच्या कामातून पुढे आले. १९८२ साली वुड्स होल येथे सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत त्यांना एक प्रथिन दिसले. ते साठत जाई आणि दर विभाजनाच्या वेळी नाहीसे होई. हेच सायक्लिन. सीडीके त्याच्याशी जोडले गेल्याशिवाय काम करत नाही, आणि सायक्लिन नष्ट झाल्याशिवाय पेशी विभाजनातून बाहेर पडत नाही. १९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी सीडीके बिघडलेल्या यीस्टमध्ये मानवी जनुके घातली, तेव्हा त्यांतल्या एकाने यीस्टचे विभाजन पूर्ववत केले. या संशोधनातला सर्वांत थक्क करणारा प्रयोग हाच म्हणावा लागेल : माणूस आणि यीस्ट यांच्या वाटा फुटल्या त्याला शंभर कोटींवर वर्षे झाली, तरी यंत्राचा मुख्य भाग अदलाबदलीजोगा राहिला. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

चक्रात ठिकठिकाणी तपासणी असते. डीएनएला इजा झाली तर पी-५३ हे प्रथिन पी-२१ची निर्मिती वाढवते आणि पी-२१ सीडीकेला अडवते. इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर पेशी स्वतःला संपवते. पी-५३चे जनुक सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत बिघडलेले आढळते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या तर्कूच्या धाग्यांना एक जरी गुणसूत्र नीट जोडलेले नसेल, तर पुढची पायरी थांबते. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध तर्कू तयारच होऊ देत नाही, त्यामुळे पेशी इथेच अडकते. रक्ताच्या कर्करोगात ते वापरतात.

अलीकडची औषधे थेट सीडीकेवर नेम धरतात. पॅल्बोसिक्लिब सीडीके-४ व सीडीके-६ या त्याच कुळातल्या विकरांना रोखते. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. अस्थिमज्जेतल्या पेशींनाही विभागायला सीडीके-६ लागते, म्हणून हे औषध घेताना पांढऱ्या पेशी घटतात. डोस थांबवला की बहुधा पुन्हा भरून येतात.