चौऱ्याण्णव सेंटिमीटरचा करार

मोटरचा किंवा रोहित्राचा गाभा पातळ पोलादी पत्र्यांचा असतो. हा पत्रा विकताना जाडीइतकाच आणखी एक आकडा महत्त्वाचा : ठरावीक चुंबकनात दर किलोमागे किती वॅट उष्णतेत वाया जातात. तो काढणारे साधन म्हणजे एप्स्टाइन चौकट. चार गुंडाळ्या चौकोनात मांडायच्या, आतून पत्र्याच्या ३ सेंटिमीटर रुंद पट्ट्या सरकवायच्या, कोपऱ्यांत एकीवर एक चढवायच्या. चुंबकीय वाटेची लांबी मात्र मोजायची नाही. ती ९४ सेंटिमीटर धरायची.

या चौकटीचा पूर्वज गोल होता. रशियन स्तोलेतोव आणि अमेरिकन रोलंड यांनी १८७२-७३च्या सुमारास लोखंडी कड्यावर तार गुंडाळून मोजमापे केली. कड्याला टोक नाही, त्यामुळे चुंबकत्व निसटत नाही. पुढे टोकियोत शिकवणाऱ्या स्कॉटिश युइंगने लोखंडाचे चुंबकन कारणामागून रेंगाळत येते हे पाहिले आणि त्याला ग्रीकवरून ‘हिस्टेरेसिस’ हे नाव दिले. या रेंगाळण्यामुळे आलेखावर उमटणाऱ्या वळशाचे क्षेत्रफळ म्हणजे दर आवर्तनाला वाया जाणारी ऊर्जा, हे जर्मन वारबुर्गने १८८१मध्ये दाखवले. १८९२मध्ये स्टाइनमेट्झने हिशेब आणखी सोपा केला : हा क्षय चुंबकीय घनतेच्या १.६व्या घातानुसार वाढतो.

सूत्र आले, पण कारखान्याची अडचण तशीच राहिली. पत्र्याच्या प्रत्येक खेपेसाठी नवे कडे कापून त्यावर हाताने तार कोण गुंडाळत बसणार? १९००मध्ये जर्मनीत योझेफ एप्स्टाइनने कडे चौकोनी केले. आता गुंडाळ्या कायमच्या, बदलतात फक्त पट्ट्या. मोटरमध्ये चुंबकत्व सर्व दिशांना फिरते, म्हणून तिच्या पत्र्याच्या निम्म्या पट्ट्या लाटण्याच्या दिशेने कापतात, निम्म्या आडव्या.

सोय झाली, पण कोपरे आले, आणि कोपऱ्यात चुंबकत्व नेमके कुठून वळते हे पत्र्यागणिक बदलते. पुढे रूढ झालेल्या २५ सेंटिमीटरच्या चौकटीत आतल्या कडेने वाट ८८ सेंटिमीटर भरते, मध्यरेषेने १००. वाद मिटवायला प्रमाणकात ९४ ठरले. धान्य मोजायची पायली गावोगावी वेगळी असे; पण एका बाजारात देणाऱ्याची नि घेणाऱ्याची पायली एकच लागे. पत्र्याच्या बाजाराची पायली ती हीच.