दम आणि झटका: तालीम, हेलसिंकी आणि १६०० मीटर

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर, थोडा साफसूफ करून.

विषय सुचला तो माझ्या मावसभावामुळं. तो तासगावात राहतो, पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे द्राक्षबागांच्या कडेनं सहा-सात किलोमीटर, एकाच चालीत पळायचा. तरीही गेल्या भरतीत १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत त्याचे पाय भरून आले आणि १०० मीटरला तर पार मागं पडला. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. म्हणजे ३० गुण काही सेकंदांच्या कामाचे, आणि पोरगं वर्षभर फक्त दम वाढवत बसलं होतं. मला कोड लिहिता येतो, पळता येत नाही. म्हणून मी इतिहास वाचायला घेतला.

आधी थोडं शास्त्र. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ दोरांनी ओढतात ते आठवा. जोराचा हिसका, मग थांबा, परत हिसका. त्या हिसक्याला लागणारी ताकद स्नायू ऑक्सिजनची वाट न बघता काढतात. ते ॲनारोबिक. त्याच रथामागून तासभर चालणारा माणूस श्वासाच्या जिवावर चालतो. ते एरोबिक. आर्चिबाल्ड हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. त्यानं या हिसक्याला ऑक्सिजनची उधारी म्हटलं. जोर आत्ता लावायचा, श्वास नंतर फेडायचा.

आपल्या तालमींना हे शब्द माहीत नव्हते, पण हिशोब माहीत होता. मातीतली निकाली कुस्ती घड्याळावर चालायची नाही. चितपट होईपर्यंत लढायचं. म्हणून शेकड्यानं जोर, बैठका, हौद्याची माती खणणं. हे सगळं दमाचं. डाव टाकताना लागणारा झटका मात्र रोजच्या लढतीतून यायचा.

आता १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेटमध्ये उतरले. (त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं होतं, ही गोष्ट आपल्याकडं घराघरात सांगतात.) मॅटवर लढत १५ मिनिटांची. जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव या दोघांशीही त्यांना जवळजवळ लागोपाठ लढावं लागलं. मधे विश्रांती मागायची सोय होती, पण भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. सुवर्ण इशिईला, रौप्य मामेदबेकोवला, कांस्य खाशाबांना. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इथं मी बराच वेळ अडकलो. जोरदार झुंजीनंतर रक्तातलं लॅक्टेट निम्म्यावर यायलाच साधारण १५-२० मिनिटं लागतात. म्हणजे ती विश्रांती हा शिष्टाचाराचा भाग नव्हता, उधारी फेडायची मुदत होती. ती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे मी सांगू शकत नाही, पण वाईट वाटतं खरं. आणि ती उधारी फेडतो कोण? दम! झटक्याच्या खेळाडूलाही दम लागतो तो यासाठी.

गंमत म्हणजे त्याच हेलसिंकीत एमिल झाटोपेक ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन तिन्ही जिंकला. हा लांब पल्ल्याचा गडी, पण सराव तुकड्यांत करायचा. ४०० मीटर जोरात, मधे हलकं धावणं, परत ४०० मीटर, असं कितीतरी वेळा. बरोबर उलटं उदाहरण न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डचं. त्याचा पीटर स्नेल धावायचा ८०० मीटर, पण सराव आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर. १९६० मध्ये रोमला सुवर्ण घेऊन आला.

आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर घ्या. २०१६ ला रिओत ३,००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिनं ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत दहावी आली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. नऊ मिनिटं दमावर पळायचं आणि मधे ३५ वेळा झटका द्यायचा. नुसत्या एकाच तयारीवर भागत नाही.

परत मावसभावाकडं येतो. १६०० मीटर म्हणजे पाच-साडेपाच मिनिटं, त्यातला जवळपास ८० टक्के भाग दमावर. म्हणजे त्याची पहाटेची धाव वाया गेली नव्हती, ती अपुरी होती. आता आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या तुकड्या, एकदा छोट्या स्प्रिंट, त्यात प्रत्येक धावेनंतर पूर्ण विश्रांती. बाकी दिवस निवांत पळायचं.

स्प्रिंटमधली विश्रांती ऐकून तो म्हणाला, "दादा, एवढा वेळ नुसतं उभं राहायचं? ग्राउंडवरची पोरं हसतील की!"

मी त्याला खाशाबांची ती लागोपाठची लढत सांगितली. गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून जाताना खिशात स्टॉपवॉच असतं. पुढची भरती कधी निघते त्याची आम्ही दोघंही वाट बघतोय.

तुमच्या गावच्या तालमीत मेहनत कशी करून घ्यायचे, कुणी जुनी मंडळी सांगत असतील तर जरूर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन.