मोबाईलला कीबोर्ड, माऊस आणि पेनड्राईव्ह कसा जोडायचा?

घरी कॉम्प्युटर नाही आणि कॉलेजचा प्रोजेक्ट टाईप करायचाय? बहुतेक अँड्रॉइड मोबाईलला ओटीजी अडॅप्टर लावून कीबोर्ड, माऊस आणि पेनड्राईव्ह जोडता येतात. आधी मोबाईलचा पोर्ट टाईप-सी आहे की मायक्रो यूएसबी ते बघा आणि तसाच अडॅप्टर घ्या. काही मोबाईलमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ओटीजी सुरू करावं लागतं. माऊस लावला की स्क्रीनवर बाण दिसतो. कीबोर्ड-माऊस दोन्ही एकदम हवे असतील तर यूएसबी हब लागेल. या सगळ्यांना वीज मोबाईलच्याच बॅटरीतून मिळते, म्हणून चार्जिंग पुरेसं ठेवा. फाईल कॉपी झाली तरी पेनड्राईव्ह लगेच ओढून काढू नका. आधी नोटिफिकेशनमधून ‘इजेक्ट’ करा, नाहीतर रात्रभर जागून टाईप केलेली फाईल खराब होऊ शकते.