फ्रेम जुनी, चिमटा पारखून

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. डिचोली १७८० नंतरच्या दोनतीन वर्षांत आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी तोवर अडीचशे वर्षांच्या आसपास पोर्तुगीज अमलाखाली होत्या. हे दोन तालुके उशिरा गेल्यामुळे इथली देवळे, सोयरिकी आणि बाजारहाट बांदा, सावंतवाडी आणि दोडामार्गाशी जोडलेले राहिले, आणि घराघरांतले मराठी वाचनही टिकले. या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच रस्त्यांवरून धावलेल्या सायकलीबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

लिहिण्याला निमित्तही आहे. एका गिअरची डोंगरी सायकल पुन्हा तरुणांच्या मनात भरली आहे. नवी महाग पडते, म्हणून जुनी फ्रेम विकत घ्यायची आणि तिला बाकीचे सामान जोडायचे, असा बेत अनेक घरांत शिजतो. मग वडीलधाऱ्यांना विचारले जाते, की जुनी फ्रेम घ्यावी का, आणि पुढचा चिमटा कोणता बसवावा? चिमटा म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा भाग, ज्याला इंग्रजीत फोर्क म्हणतात. प्रश्न नवा वाटला तरी आपल्याकडे तो तीन पिढ्या जुना आहे आणि त्याचे उत्तर इथल्या सायकलीच्या इतिहासातच सापडते.

विलायती काळी सायकल

आज आपण ज्या आकाराला सायकल म्हणतो तो १८८५ मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ले यांच्या ‘रोव्हर’ने रूढ केला. दोन सारख्या मापाची चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक ही त्याची ओळख. १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि बसणाऱ्याच्या हाडांचे हाल कमी झाले. पुढे रॅले, हंबर, बीएसए, हरक्युलिस आणि फिलिप्स ही नावे मुंबई बंदरातून देशभर पसरली.

या सायकलीची मापे पाहिली की ती आपल्या सड्यांवर का टिकली ते कळते. चाक २८ इंची, पुढे ३२ तारा आणि मागे ४०, कारण निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकावर येतो. पेडलपाशी ४४ दाती चक्र आणि मागे १८ दाती फ्रीव्हील. या हिशेबाने पायाच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे झकास, पण मालपेच्या चढणीवर किंवा साखळीच्या वाटेवर उतरून ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात कमीपणा कोणालाच वाटत नसे. चढ ढकलायचा आणि उतारावर बसायचे, हाच प्रवासाचा हिशेब होता.

एका गिअरची सायकल म्हणजे गावापुरते वाहन असा समज असेल तर एक मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले.

या सायकलीचे खरे मर्म तिच्या चिमट्यात होते. शॉक-अप नाही, स्प्रिंग नाही, तरी जांभ्याच्या खडबडीत वाटेवर हात बधिर होत नसत. चिमट्याचे पाय खाली लांब पुढे वाकवलेले असत. शिवाय फ्रेमच्या पुढच्या नळीचा, म्हणजे हेडचा, कलही ऐसपैस, ६७ अंशांच्या आसपास असे. धक्का बसला की तो बाक किंचित लवायचा आणि बराचसा धक्का तिथेच जिरायचा. सायकल वळायला मंद, पण सरळ चालायला भरवशाची. कॅरिअरवर चवथीच्या माटोळीचे सामान बांधलेले असताना हा भरवसाच कामाला येई.

नाकेबंदी आणि आट्यांचा हिशेब

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि पेडणे-डिचोलीची माहेर-सासरची वाट परवान्यांत अडकली. बांद्याचा बाजार हाकेच्या अंतरावर, पण मधे सीमा. त्याच काळात डिचोलीच्या टेकड्यांतले लोहखनिज बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावला आणि तिथून जपानकडे जाऊ लागले. खनिजाच्या पैशावर घड्याळे, रेडिओ, मोटारगाड्या असा परदेशी माल गोव्यात उतरला. विलायती सायकलीही त्यात होत्या. १९५९ पासून या मालाचे मोल रुपयांऐवजी एस्कुदोत होऊ लागले.

सीमेपलीकडे त्याच वर्षांत भारतीय सायकलीचा कारखानदारी इतिहास घडत होता. मुंबईत वरळीला हिंद सायकल निघतच होती. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि या सायकली व त्यांचे सुटे भाग इथे सहज मिळू लागले. परदेशी मालाचा ओघ आटला, पण आधी आलेल्या विलायती फ्रेमी घरोघर तशाच होत्या.

इथून जुनी फ्रेम आणि नवा चिमटा यांचा संसार सुरू झाला. भारतीय कारखान्यांनी मापे बहुतांशी इंग्रजी सायकलींचीच उचलली होती, त्यामुळे विलायती फ्रेमला देशी चिमटा लागू शकत असे. मात्र डोळे झाकून नव्हे. चिमट्याच्या वरच्या दांड्याला आटे असतात आणि त्यांवर हेडची वाटी व नट बसतो. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना इंचाला २४ आटे असत, तर रॅलेने आपले २६ ठेवले होते. नट दोन फेरे बसतो आणि मग अडतो, तिथे जोर लावला की आटे खलास. चांगला मिस्त्री म्हणूनच जुना नट हाताने फिरवून पाहिल्याशिवाय नव्या चिमट्याला हात लावत नसे. दांड्याची लांबी चार-पाच मिलिमीटर जास्त असेल तर वॉशर घालता येई, पण कमी असेल तर तो चिमटा परत.

लोखंडी फ्रेमचे सांधे पितळेच्या डाकाने जोडलेले असत. सांधा सुटला तर पुन्हा डाक देता येई, नळी वाकली तर सरळ करता येई. चिमट्याच्या बाबतीत मात्र शहाणा मिस्त्री ही सवलत देत नसे. फ्रेमचा सांधा सुटला तर सायकल करकरते, डुलते, आधी इशारा देते. चिमटा वरच्या जोडापाशी मोडला तर इशारा मिळेलच असे नाही. पुढचे चाक निखळते आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून फ्रेम डागडुजीवर चालवावी, पण चिमट्याशी तडजोड नको.

रेंजरचा जमाना

पुढे मोटारसायकल आली. गोव्यात तर मोटारसायकलवर भाडे नेणारे ‘पायलट’ ही स्वतंत्र ओळखच झाली. काळी सायकल हळूहळू पडवीत टेकली. तरुणांच्या हाती आली ती सरळ हँडलची, जाड टायरची, २६ इंची चाकांची नवी सायकल. हीरोची ‘रेंजर’ इतकी चालली, की कोणत्याही कंपनीची अशी सायकल ‘रेंजर’च झाली. हरक्युलिसची ‘एमटीबी’ही तशीच. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरी सायकल. आणि आपल्याकडे ती बहुतेकांच्या हाती आली ती एकाच गिअरची.

अमेरिकेत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने घडली. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ पासून काही तरुण ‘रिपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती लावत. त्यांच्या सायकली म्हणजे १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या श्विन फ्रेमी, भंगाराच्या भावात घेतलेल्या आणि मुळात एका गिअरच्या. पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे, की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच. जुन्या फ्रेमी आणि चिमटे या माराने वाकत, मोडत. म्हणून जो ब्रीझ यांनी १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी मजबूत फ्रेमी घडवल्या. त्यांना गिअर होते. १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीने पहिला तेल-हवेचा शॉक-अप चिमटा आणला. आणि १९९० च्या दशकात तिथल्याच काही हौशी मंडळींना वाटले, की हे सगळे फार झाले, गिअर काढून टाकू या. ती मंडळी फिरून जिथे आली, तिथे आपली रेंजर आधीपासून उभी होती.

फरक एवढाच, की डोंगरासाठी त्यांनी गिअर हलका ठेवला. पुढे ३२ दाते, मागे १६ आणि २६ इंची चाक घेतले, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ४ मीटर १५ सेंटिमीटर जाते. काळ्या सायकलीपेक्षा जवळजवळ सव्वा मीटर कमी. ज्या चढावर आजोबा उतरून ढकलत, तिथे नातू सीटवरून उठून, उभ्याने पेडल मारत जाऊ शकतो.

जुनी फ्रेम पाहताना

आता मूळ प्रश्न. जुनी फ्रेम जरूर घ्यावी, पण रंग पाहून नव्हे. पहिल्यांदा हेडच्या मागे, खालच्या नळीला बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा असेल, तर ती सायकल समोरून आदळलेली आहे. दुसरी परीक्षा दोऱ्याची. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा निघावा, हेडला वळसा घालून दुसऱ्या खाचेला बांधावा, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे नसेल तर फ्रेम वाकडी आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या हवेची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि हरमल-मोरजीकडचा खारा वारा फ्रेमला आतून खातो. सीटचा दांडा निघतो का ते पाहावे, आणि तो काढून नळीत उजेड टाकावा. पेडलच्या आसाभोवती पाणी साचते, तिथे सळईने ठोकून आवाज ऐकावा. चौथी गोष्ट खाच. एका गिअरला साखळी ताणायची तर चाक मागे-पुढे सरकले पाहिजे. त्यासाठी काळ्या सायकलीसारखी आणि रेंजरसारखी आडवी लांब खाच हवी. गिअरच्या फ्रेमची खाच बहुधा उभी असते, तिथे साखळी ताणायला वेगळा पुर्जा लावावा लागतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा असेल तर ती घेऊच नये. वेल्डिंगनंतर तिला पुन्हा ठरावीक तापमानाची प्रक्रिया लागते आणि ती गावच्या दुकानात होत नाही.

चिमटा निवडताना

चिमट्याची निवड दांड्याच्या जाडीपासून सुरू होते. काळ्या सायकलीचा दांडा एक इंची आणि आट्यांचा. १९९० नंतरच्या डोंगरी सायकलींचा बहुधा सव्वा इंचापेक्षा थोडा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि बिनआट्यांचा. अलीकडचा दांडा खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाणारा. फ्रेमच्या हेडमध्ये जो बसतो तोच घ्यायचा. मग ब्रेक पाहावा. डिस्क हवी असेल तर चिमट्यावर तिची जागा कारखान्यातूनच आलेली असावी, नंतर डाकून लावलेली नव्हे.

सगळ्यांत जास्त फसगत उंचीत होते. आसापासून वरच्या जोडापर्यंत २६ इंची चाकाचा साधा चिमटा ४०० मिलिमीटरच्या आसपास भरतो, तर १०० मिलिमीटर दबणारा शॉक-अप ४७० च्या आसपास. चिमटा २० मिलिमीटरने वाढला की हेडचा कल साधारण एक अंशाने बदलतो. म्हणजे साध्या चिमट्यासाठी घडवलेल्या फ्रेमला एवढा उंच शॉक-अप लावला, तर तीन अंशांहून जास्त फरक पडतो. पुढचा भाग उचलला जातो, चढावर चाक भरकटते आणि हेडच्या सांध्यावर न सोसणारा ताण येतो. जुना चिमटा शाबूत असेल तर त्याचीच उंची मोजून दुकानात जावे.

आणि शॉक-अप हवाच का? एका गिअरला चढावर उभे राहून पेडल मारावे लागते. प्रत्येक जोराला शॉक-अप खाली-वर होतो आणि पायातली ताकद त्यात जिरते. स्वस्तातल्या शॉक-अपमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारे तेल नसते. वजन वाढते ते निराळेच. आपल्या जांभ्याच्या वाटांना चांगला लोखंडी साधा चिमटा आणि थोडी कमी हवा भरलेला जाड टायर पुरतो. फ्रेम जुनी असली तरी चिमटा शक्यतो नवाच घ्यावा. जुना घ्यायचाच झाला तर वरच्या जोडापाशीची वाटी काढून, रॉकेलने पुसून, केसाएवढी भेग नाही ना, हे उजेडात पाहावे.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. मोपच्या सड्यावर आता विमाने उतरतात. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलासच्या साहिबाबाद कारखान्याचे काम बंद पडले. तरी पोदेर अजून भोंगा वाजवत, पावाची टोपली कॅरिअरवर बांधून येतो. त्याची सायकल बहुधा एकाच गिअरची असते. तो थांबला की तिच्या पुढच्या चाकाकडे जरा वाकून पाहावे. रोज ओझे वाहणाऱ्या अशा सायकलींच्या चिमट्याला अनेकदा दोन्ही बाजूंनी जादा सळ्यांचा आधार दिलेला दिसतो. पाव रोज वेळेवर पोचला पाहिजे, म्हणून चिमटा आधी पक्का केलेला असतो. घरातल्या मुलाने जुनी फ्रेम आणली, तर त्यालाही ते एकदा दाखवावे.