प्रतिमेचा पाठ

सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली की शरीराच्या आतले छायाचित्रच आपण पाहत आहोत, असे वाटते. वस्तुतः ते छायाचित्र नव्हे. यंत्राने टिपलेले असतात केवळ आकडे. निरनिराळ्या कोनांतून सोडलेल्या क्ष-किरणांपैकी किती शरीरापलीकडे पोहोचले, याची ती नोंद असते. त्या नोंदींवरून शरीरातील प्रत्येक बिंदूने किती किरण शोषले असतील, याचे गणिताने अनुमान काढले जाते. या कृतीला पुनर्रचना म्हणतात आणि आपण पाहतो ते चित्र हे तिचे फलित. ही बाब तंत्रज्ञांपुरती राहिली असती तर तिच्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु कर्करोगावरील किरणोपचारांचे नियोजन करताना अवयवांच्या सीमारेषा आता संगणक आखू लागला आहे, आणि त्या तो शरीर पाहून नव्हे, तर हे अनुमान वाचून आखतो.

या कथेचा आरंभ किरणोपचारांतच झाला, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते. १९५६ साली केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात अॅलन कॉर्मॅक हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ आठवड्यातील दीड दिवस काम करीत होते. तेथे किरणमात्रा ठरवताना शरीर सर्वत्र एकजिनसी आहे असे गृहीत धरले जाई. हाड, फुप्फुस आणि स्नायू किरणांना सारखेच अडवत नाहीत, हे उघड होते. तेव्हा शरीराबाहेर घेतलेल्या मोजमापांवरून आतील शोषणाचा नकाशा काढता येईल काय, असा प्रश्न कॉर्मॅक यांनी स्वतःला विचारला. त्याचे गणिती उत्तर योहान राडोन यांनी १९१७ सालीच देऊन ठेवले होते, पण कॉर्मॅक यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी आपले उत्तर स्वतंत्रपणे शोधले आणि १९६३ व १९६४ साली दोन शोधनिबंधांतून प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. जी थोडी विचारणा झाली तिच्यातील एक स्वित्झर्लंडच्या हिमकडे-संशोधन केंद्राकडून होती!

पुढे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतील गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी प्रत्यक्ष यंत्र उभे केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र निघाले. ८० गुणिले ८० चौकटींचे ते ओबडधोबड चित्र होते, पण मेंदूतील गाठ त्यात दिसली. १९७९ साली कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र मधल्या काळात मूळ प्रश्न मागे पडून रोगनिदान पुढे आले होते. आता चित्राचा वाचक म्हणजे डॉक्टरांचा डोळा.

पुनर्रचनेच्या पद्धती या डोळ्याच्या सोयीने घडत गेल्या. १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी नोंदींना आधी एक गणिती गाळणी लावून मग त्या उलट पसरवण्याची वेगवान रीत मांडली. आजही त्या गाळणीला त्यांच्या नावांचा संक्षेप जोडला जातो. गाळणी तीक्ष्ण ठेवली तर कडा ठसठशीत उमटतात, पण चित्रात दाणेदारपणा माजतो. ती मृदू ठेवली तर दाणे विरतात आणि त्यांबरोबर बारीक कडाही. म्हणून हाडांसाठी एक गाळणी आणि पोटातील मऊ अवयवांसाठी दुसरी, असा रिवाज पडला. छेदाची जाडीही अशीच निवडीची बाब. दृष्टिचेता जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. ३ मिलिमीटरच्या छेदात तिची कड शेजारच्या चरबीत मिसळून जाते.

डॉक्टरांचा सरावलेला डोळा हे सारे सांभाळून घेतो. अवयव कोठे असावा हे ठाऊक असल्याने तो पुसट कड मनाने पुरी करतो. संगणकाचे तसे नाही. २०१५ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे मांडलेल्या यू-नेट या रचनेनंतर रेषा आखणारी बहुतेक साधने हजारो आखीव चित्रांवरून शिकू लागली. ती अवयव शिकतात तशी त्या चित्रांची पोतही शिकतात. मृदू गाळणीच्या चित्रांवर शिकलेल्या साधनासमोर तीक्ष्ण गाळणीचे चित्र आले, तर शरीर तेच असूनही रेषा सरकू शकते. फुप्फुसासारख्या स्पष्ट सीमेच्या मोठ्या अवयवात सहसा फारसे बिघडत नाही. कानाजवळची लाळग्रंथी, दृष्टिचेता असे लहान वा पुसट अवयव मात्र फसवतात, आणि दातांतील धातूचे पट्टे चित्रभर उमटले असतील तर अधिकच. मज्जारज्जूला साधारण ४५ ते ५० ग्रेपलीकडे मात्रा जाऊ नये म्हणून नियोजनात धडपड केली जाते. रेषाच चुकली तर ही धडपड चुकीच्या जागेचे रक्षण करते. लाळग्रंथीची रेषा चुकली तर रुग्णाच्या वाट्याला कायमचे कोरडे तोंड येऊ शकते. डॉक्टर रेषा तपासतात खरे, पण नीटस दिसणाऱ्या रेषेवर शंका घेणे कोणालाही जडच जाते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे प्रकरण परके वाटत नाही. संपादित संहिता म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे, ती संपादकाच्या निवडींतून सिद्ध झालेली असते. येथे तर आणखी एक अडचण आहे. स्कॅनचे मूळ आकडे यंत्रात सामान्यतः थोडेच दिवस राहतात, मग जागेसाठी पुसले जातात. संहिता छापून पोथ्या जाळून टाकाव्यात, तसे हे झाले. दुसऱ्या गाळणीने तेच शरीर पुन्हा वाचून पाहण्याची वाट मग बंद होते. २०१९ च्या सुमारास पुनर्रचनेतही शिकलेले गणित बाजारात आले. आता एक अनुमान करणारे यंत्र दुसऱ्याला चित्र पुरवते. तेव्हा रेषेसोबत ती कोणत्या गाळणीच्या, किती जाडीच्या छेदावर आखली याची नोंद हवी. रुग्णालयाने पुनर्रचनेची रीत बदलली, की रेषा आखणारे साधन पुन्हा तपासून घ्यायला हवे.

१९५७ साली कॉर्मॅक यांनी अॅल्युमिनियमची चकती आणि तिच्याभोवती लाकडाचे कडे अशा साध्या वस्तूवर पहिला प्रयोग केला. आकडे अपेक्षेप्रमाणे जुळेनात, चकतीच्या मध्यभागी काही वेगळेच दिसू लागले. त्यांनी ती विसंगती गुळगुळीत करून टाकली नाही, कार्यशाळेत चौकशी केली. तेव्हा कळले की चकती घडवताना कारागिरांनी तिच्या मध्यात शुद्धतर अॅल्युमिनियमची एक खुंटी बसवली होती. आकडे खरे बोलत होते. आजचे एखादे सफाईदार गणित त्या खुंटीला दोष समजून पुसून टाकील काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. चकतीच्या जागी माणसाची मान असते तेव्हा तर तो विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.