ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

'गिअरबॉक्स गेला, बदलावा लागेल,' असं मिस्त्रीने सांगितलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. टॅक्सीवर घर चालणाऱ्याची तर रोजीच थांबते. पण दर वेळी अख्खा बॉक्स गेलेला नसतो. म्हणून खोलण्याआधी काय पाहायचं, ते आम्ही इथे देत आहोत.

प्रकार ओळखा : एएमटीमध्ये साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं ॲक्च्युएटर करतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत गिअर ऑईलच्या दाबावर बदलतात. सीव्हीटीत दोन पुली आणि पट्टा, तर डीसीटीत दोन क्लच असतात.

ऑईल पाहा : टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी 'डी'मध्ये टाकल्यावर उशिरा निघते किंवा इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर आधी ऑईलची पातळी आणि गळती तपासा. चांगलं ऑईल बहुधा लालसर असतं. काळं पडलं, जळका वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा घासल्याची शंका घ्यावी. सीव्हीटीत तिचंच ऑईल घाला. दुसरं चालत नाही.

स्कॅनर लावा : पी0700 हा कोड आला म्हणजे बॉक्स गेला, असं नव्हे. 'ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने बिघाड नोंदवला आहे' एवढाच त्याचा अर्थ. नेमका दोष त्या कंट्रोलरमधले कोड वाचल्यावरच कळतो. कधी सोलेनॉइड, कधी सेन्सर, कधी नुसतं वायरिंग निघतं.

एएमटीत बॅटरी आधी : बॅटरी कमजोर असली तरी गिअर पडत नाही. क्लच बदलल्यावर स्कॅनरने कॅलिब्रेशन करून घ्या, नाहीतर नवा क्लचही झटके देतो.

गाडी बंद पडलीच तर दोरीने ओढू नका. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असताना ऑईल पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

शेवटी आपल्या गॅरेजवाल्या भावांना एक विनंती. गाडी ही ग्राहकाची अमानत आहे. काढलेला पार्ट आणि स्कॅनरचा कोड त्याला दाखवा. गाडी विकणाऱ्यांनीही गिअरबॉक्सचा दोष आधीच सांगावा. सौद्यात ऐब लपवू नये, ही आपल्या दीनची साफ शिकवण आहे.